कमलिनीने जाळलेले झेंडे

कमलिनीने झेंडे जाळले, हे खरं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी ‘पण मनोरमा, जाळले ना तिने?’ असं विचारायला नको. जाळले. एकदा नाही, दर वर्षी जाळले, आणि मला ते माहीत होतं. का जाळले ते ऐकायला मात्र कोणाला सवड नसते. दुबईत, शारजाच्या हद्दीला लागून असलेल्या अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिचं नाव निघालं की बायका अजूनही आधी दार लोटून घेतात.

माझा डब्यांचा धंदा. पहाटेपासून पोळ्या लाटते, आणि पोळ्यांइतकीच जीभही चालते, असं आमचे हे म्हणायचे. कमलिनीचं दार माझ्या दारासमोर. ती उलट इतकी कमी बोलायची की तिच्याशी भांडायचं झालं तर दोघींच्या वाटचं मलाच बोलावं लागे. ठेंगणी, सावळी, नाकात मोरणी, आणि बोटांवर सुईचे बारीक काळे ठिपके.

ती नांदेडची. तिचे वडील तिथल्या खादीच्या केंद्रात कामाला होते, जिथे तिरंग्याचं कापड विणतात. त्या घरात देव कमी आणि नियम जास्त. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही. त्याने काही पुसायचं नाही. जुना झाला, विटला, फाटला, तर तो टाकायचा नाही, एकांतात नेऊन अग्नीला द्यायचा. हा काही तिच्या वडिलांचा विक्षिप्तपणा नव्हता हो, आपल्याकडे नियमच आहे तसा. लहानपणी ती वडिलांचं बोट धरून केंद्रामागे जायची. वडील चपला काढायचे, काडी लावायचे आणि राख होईपर्यंत हात जोडून उभे राहायचे. एकदा तिने विचारलं, काही म्हणायचं नाही का? ते म्हणाले, नाही, हे भाषण नाही.

लग्न होऊन ती शारजात आली तेव्हा तिच्या नवऱ्याचं, गोपीनाथ भावजींचं, तिथल्या रोला बाजारात युनिफॉर्म शिवायचं दुकान होतं. नर्सचे कोट, वॉचमनचे शर्ट, शाळेचे पिनाफोर. एका वर्षी, त्र्याण्णव की चौऱ्याण्णव असेल, एका कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, दोन डिसेंबरला नॅशनल डे आहे, झेंडे हवेत, यल्ला, लवकर. भावजी म्हणाले, त्यात काय, लाल, हिरवा, पांढरा, काळा, चार तुकडे आणि सरळ शिलाई. कमलिनी मशीनवर बसली आणि बसण्याआधी तिने चपला काढल्या. कारागीर हसले. तिच्या झेंड्याला चूण पडत नसे, उभा लाल पट्टा कसा ताठ राही. दोन-तीन वर्षांत अर्ध्या शारजाची ऑफिसं तिच्याकडून झेंडे नेऊ लागली.

इथलं ऊन तुम्हाला माहीत आहे. उन्हाळा संपेपर्यंत लालाचा गुलाबी होतो, काळ्याचा राखाडी, आणि टोकाच्या चिंध्या लोंबतात. लोक नवा न्यायला यायचे तेव्हा मापाला म्हणून जुना आणायचे आणि तिथेच टाकून जायचे. दुसऱ्या एखाद्या दुकानात त्या चिंध्यांनी मशीन पुसली असती. कमलिनी ते गोळा करायची, धुवायची, सावलीत वाळवायची. मग नॅशनल डेची गडबड ओसरली की एका शुक्रवारी दुपारी, सगळी गल्ली जुम्म्याच्या नमाजाला गेलेली असताना, दुकानामागच्या बोळात पत्र्याच्या डब्यात एकेक करून जाळायची. शुक्रवार का, तर तिला वाटायचं, याहून चांगला एकांत कुठे मिळणार? ही बाई इतकी सरळ होती.

मी एकदा म्हटलं, “अगं, हा काय आपला झेंडा आहे?”

“आपला नाही म्हणून तर जास्त जपायचा,” ती म्हणाली. “शेजाऱ्याचं भांडं आपण घासूनच परत देतो ना?”

मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं ही आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी असते. मागच्या गोदामाचा पठाण वॉचमन खैरुद्दीन तिला दर वर्षी बघायचा. पहिल्या वर्षी त्याने विचारलं, तिने तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, आणि त्याने मान डोलावून पाठ फिरवली. त्यालाही ते पटलं असावं. सुती कापड बिचारं निमूट जळायचं, थोडीशी राख, बाकी काही नाही.

पण दोन हजार सालानंतर सगळ्यांना पॉलिएस्टर हवं झालं. स्वस्त, चकचकीत, रंग जरा जास्त टिकतो. पॉलिएस्टर जळत नाही, मेलं वितळतं. थेंब थेंब गळतं, काळाकुट्ट धूर होतो आणि टायर जळाल्यासारखा वास पार मोठ्या रस्त्यापर्यंत जातो. कमलिनीला त्याचा त्रास व्हायचा, डोळ्यांना नाही, मनाला. म्हणायची, याला नीट निरोपही देता येत नाही. मी म्हटलं, मग सोड ना बाई, म्युन्सिपालिटीच्या डब्यात टाक. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

आता शर्वाणीबद्दल सांगते. कमलिनीची एकुलती एक, जन्म शारजाचा, आईच्या तोंडून न निघालेले सगळे शब्द देवाने या पोरीच्या तोंडात घातले होते. मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर. शाळेच्या डिबेटमध्ये तिला कोणी हरवू शकत नसे, आणि तिची प्रत्येक डिबेट ऐकायला कमलिनी पहिल्या रांगेत बसायची. एक अक्षर कळायचं नाही, पण मुलीच्या ओठांकडे बघत बसायची. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोनला, शर्वाणी बारावीत होती. मार्चमध्ये परीक्षा, मग इंजिनीअरिंग. भावजींची सगळी वर्षं त्या एका परीक्षेत घातलेली होती.

डिसेंबरात शाळेत स्पर्धा झाली. विषय काढला होता रिद्धी टीचरने, नुकतीच पुण्याहून आलेली, उत्साही, बावळट पोरगी. राष्ट्रध्वज जाळणं हे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मानून त्याला कायद्याने संरक्षण द्यावं का? अमेरिकेत यावर फार वाद झालेत म्हणे. अगं पण अमेरिकेत झालेत ना, मग तिकडेच राहू देत की! नॅशनल डेच्या पताका अजून हॉलमध्ये लटकत होत्या आणि त्यांच्याखाली हा विषय. जगातले बाकीचे विषय काय संपले होते?

शर्वाणीच्या वाट्याला आली ‘द्यावं’ ही बाजू. त्या दिवशी वड्यांची ऑर्डर माझ्याकडे होती, म्हणून मी दारात उभी राहून ऐकलं. पोरगी काय बोलली म्हणून सांगू! तिने कोणाला झेंडा जाळा म्हटलं नाही. ती म्हणाली, एका काडीने जो देश जळेल तो देश लेचापेचा. ती म्हणाली, दुखावलेला माणूस कधी कधी हातात मिळेल त्याने बोलतो, आणि त्याच्या मनात काय होतं ते बाहेरून कोणालाच दिसत नाही, मग शिक्षा कशाच्या आधारावर देणार? टाळ्यांनी हॉल दणाणला. कमलिनीही टाळ्या वाजवत होती, डोळ्यांत पाणी. फक्त मागच्या रांगेत पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे इथले अरब घालतात त्या पायघोळ झग्यातला, एक माणूस हाताची घडी घालून बसला होता. कोणाचा तरी पाहुणा असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी मी उरलेले वडे घेऊन त्यांच्याकडे गेले. शर्वाणीने जिंकलेला कप टीव्हीवर ठेवला होता. मीच हौसेने कमलिनीला सांगायला लागले, तुझी लेक काय काय बोलली ते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की तिचा चेहरा उतरत चाललाय.

“जाळणं म्हणजे बोलणं?” तिने शर्वाणीला विचारलं. “असं म्हणालीस तू?”

“येस मम्मा. सिम्बॉलिक स्पीच.”

“नाही गं. जाळणं म्हणजे निरोप. मी दर वर्षी जाळते, मी काय बोलते?”

“यू नो दॅट, आय नो दॅट. बट द पर्सन वॉचिंग? हाऊ विल ही नो द डिफरन्स?”

कमलिनी म्हणाली, “बघणाऱ्याने विचारावं की.”

शर्वाणी खळखळून हसली आणि आईच्या गालाला गाल लावून म्हणाली, “मम्मा, नोबडी आस्क्स!”

भावजी पेपरमागून म्हणाले, पुरे झाले झेंडे, टीव्ही लावा. टीव्हीवर इराकच्या बातम्या होत्या. युद्ध होणार, होणार नाही, होणार. कुठल्याशा शहरात लोक रस्त्यावर येऊन अमेरिकेचा झेंडा जाळत होते. आम्ही सगळे बघत बसलो, आणि मला तेव्हाच कसंसंच झालं. मी बोलून दाखवलं, “कमलिनी, यंदा जाळू नकोस.” ती म्हणाली, “पोतं भरलंय गं. ठेवू कुठे?”

जानेवारीच्या एका शुक्रवारी तिने जाळायला घेतले. गोदामावर तेव्हा जमाल नावाचा नवा सुपरवायझर आला होता. त्याला ना कमलिनी माहीत, ना तिचे वडील. नमाजाहून लवकर परतला, वास आला म्हणून बोळात डोकावला. कमलिनी अनवाणी, हात जोडून, काळ्या धुरापुढे उभी, आणि डब्यातून झेंड्याचं लाल टोक बाहेर आलेलं. त्याने ओरडाआरडा केला असता तर तिने सांगितलं असतं. तो काही बोललाच नाही. थोडा वेळ बघत उभा राहिला आणि निघून गेला. कमलिनीने उरलेले तसेच पोत्यात ठेवले आणि मला फोन केला. आवाज अगदी नेहमीसारखा होता.

त्यानंतर काहीच झालं नाही. तेच भयंकर होतं. खैरुद्दीन समोर आला की खाली बघायला लागला, मग एक दिवस दुसऱ्याच गोदामावर गेला. दुकानासमोर एक पांढरी लँड क्रूझर उभी राहू लागली, काळ्या काचांची, इंजिन चालू. कोणी उतरायचं नाही. ज्यांचे झेंडे वर्षानुवर्षं तिच्याकडून जायचे त्या ऑफिसांचे फोन बंद झाले. घरचा फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. कोणी विचारेना, कोणी सांगेना, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, अरे काही नाही, इन्शाल्ला सब ठीक.

शाळेतून निरोप आला की शर्वाणीने फेअरवेलचं भाषण करू नये, तब्येतीला जपावं. तब्येत? घोड्यासारखी ठणठणीत पोरगी! त्याच आठवड्यात कळलं की रिद्धी टीचर सुट्टीवर गेली. कसली सुट्टी, कोणाला ठाऊक नाही. तिच्या खोलीतली गादी आणि कुकर तिच्या मैत्रिणीने विकला. तेव्हा पहिल्यांदा शर्वाणी घाबरलेली मी पाहिली. दोन गोष्टी एकत्र जोडल्या गेल्या होत्या, आणि त्या जोडायला फार डोकं लागत नव्हतं. लेक भाषण करते, झेंडा जाळणाऱ्याला सोडा. महिन्याभराने आई जाळते, तेही नमाजाच्या वेळी. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल, तुम्हीच सांगा.

शेवटी दोन माणसं दुकानात आली. अगदी सभ्य. डब्यातला वितळलेला गोळा आणि उरलेलं पोतं उचललं, आणि कमलिनीला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. बाई एकटी नको म्हणून सोबतीला मी गेले, आणि भावजी. त्या ऑफिसला पाटी नव्हती. आत एसी इतका गार की मी पदर घट्ट गुंडाळून घेतला.

अधिकारी तरुण होता, दाढी नीट कोरलेली, अंगाला उदाचा वास. चहा मागवला. त्याचं हिंदी भावजींच्या हिंदीपेक्षा साफ. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तो गोळा ठेवला होता, काळा, आणि एका बाजूने हिरव्या कापडाची जीभ बाहेर आलेली.

“मदाम, ये क्या है?”

कमलिनीने तोंड उघडलं. ती काय बोलणार ते मला ठाऊक होतं. भावजींनाही ठाऊक होतं, कारण ते घाईघाईने मध्ये पडले, “कातरन, साहब. हम टेलर लोग. वेस्टेज.”

त्याने हात वर केला. “मदाम बोलेंगी.”

मग त्याने समजावून सांगितलं, शाळेत समजावतात तसं, आवाज न चढवता. हा झेंडा असेल तर कोणी जाळला, का जाळला, कोणी शिकवलं, कोणाकोणाला माहीत होतं, सगळं लिहावं लागेल, आणि लिहिलेलं त्याच्या हातात राहणार नाही, वर जाईल. हा दुकानातला कचरा असेल, तर कचरा रस्त्यात जाळायची मनाई आहे, पुन्हा करू नका, खलास. तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या घालता आल्या असत्या. तो तिला दार उघडून देत होता, आणि त्या दारातून जायचं तर तिला आयुष्यभर जपलेल्या गोष्टीवर पाय देऊन जावं लागणार होतं.

कमलिनी म्हणाली, “साहब, हमारे में पुराना हुआ तो...”

“मदाम.” त्याने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. “आपकी बेटी बारहवीं में है ना? इस साल?”

मी तिचा हात धरला. मला ओरडावंसं वाटत होतं की अरे बाबा, तुझ्या अख्ख्या शहरात तुझ्या झेंड्यासाठी चपला काढणारी ही एकच बाई आहे, आणि तिला तू हे म्हणायला लावतोयस! पण माझाही व्हिसा होताच ना. माझीही चूल तिथेच होती.

“कचरा,” कमलिनी म्हणाली. “कचरा था.”

त्याने लिहून घेतलं. मग पायाने टेबलाखालचं पोतं पुढे सरकवलं. कचरा तुमचा, तुम्ही घेऊन जा. आम्ही उठलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा तो मागून म्हणाला, अगदी कौतुकाने म्हणाला, “बेटी अच्छा बोलती है, मदाम. हमने सुना है.”

परतताना दुबई-शारजा रस्त्यावर नेहमीसारखा जॅम. गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. भावजी म्हणाले, त्या कचराकुंडीत टाकून दे ते पोतं आणि मोकळी हो. कमलिनी पोतं मांडीवर घेऊन बसली होती. इतक्या वर्षांत मी तिला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. “एकदा म्हटलंय ना कचरा!” ती ओरडली. “आता परत म्हणायला लावू नका!” शेजारच्या गाडीतली माणसंही वळून बघू लागली.

घरी शर्वाणी दारातच उभी होती. कमलिनीने पोतं पलंगाखाली सरकवलं आणि मुलीचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

“शपथ घे. चार माणसांत पुन्हा तोंड उघडणार नाहीस.”

“मम्मा, प्लीज...”

“शपथ घे माझी.”

शर्वाणी रडायला लागली. रडता रडता मराठीत बोलायला लागली, जे ती कधी करत नसे. “मी तुझ्याचसाठी बोलत होते गं! तुझ्यासारख्या माणसाला कोणी न विचारता पकडू नये म्हणूनच बोलत होते! माझं काय चुकलं ते सांग ना!”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ते मला कळत होतं, कमलिनीला तर माझ्याआधी कळलं होतं. म्हणूनच तिने मुलीचा हात गळ्यावर आणखी दाबून धरला आणि सोडलाच नाही. शेवटी शर्वाणीने शपथ घेतली.

पोरीने शपथ पाळली, देवा, इतकी पाळली! वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करेना. दुकानात काही हवं असेल तर बोटाने दाखवी. फोनवर बोलली तरी हलक्या आवाजात, तोंडावर हात धरून. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं, परीक्षाही झाली, लँड क्रूझर दिसेनाशी झाली. भावजी म्हणाले, सुटलो. कमलिनी झेंडे शिवत राहिली, कारण ऑर्डरी पुन्हा आल्या आणि नाही म्हणणं हेही काहीतरी बोलणंच झालं असतं. मी त्या घरात गेले की मला आपलं मोठ्याने बोलायची लाज वाटायची.

जूनमध्ये आम्ही तिघी भारतात निघालो. माझा भाऊ नांदेडलाच राहतो, म्हणून बरोबरच. कमलिनीने त्या पोत्यातले झेंडे साड्यांच्या घड्यांत घालून बॅगेत भरले. विमानतळावर बॅग मशीनमधून जाताना पडद्यासमोरचा शिपाई मान वाकडी करून बघत राहिला, आणि मी माझ्या माहेरच्या, सासरच्या, रस्त्यातल्या सगळ्या देवांना नवस बोलले. बॅग गेली. शर्वाणीने डोळे मिटून घेतले होते.

नांदेडला कमलिनी दुसऱ्याच दिवशी म्हणाली, चला, गोदावरीवर जाऊ, दुपारी तिकडे कोणी नसतं. घाटापासून बरंच लांब, वाळूत, बाभळीच्या आडोशाला. ऊन रणरणत होतं. तिने चपला काढल्या. शर्वाणीने काढल्या, मग मीही काढल्या, पाय भाजले तरी. पहिला झेंडा पेटवला, दुसरा पेटवला. कमलिनीचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झालेला मी पाहिला. तिला वाटलं असावं, आता आपल्या मुलखात आलो, इथे हा नियम सगळ्यांना माहीत आहे, इथे कोणी काही विचारणार नाही.

धूर मात्र काळाच. बांधावरून मोटारसायकलवर तीन पोरं चालली होती, धूर बघून खाली उतरली. विशीतली असतील. आधी त्यांना काही कळेना. मग एकाला वाळूवर ठेवलेल्या झेंड्यातला हिरवा पट्टा दिसला, आणि त्याने झेंडा कोणाचा ते स्वतःच ठरवून टाकलं.

“अरे, काकू झेंडा जाळतायत! त्यांचा! शाब्बास काकू!”

“नाही रे बाळांनो,” कमलिनी म्हणाली. “तसं नाही ते.”

कोण ऐकतो? घोषणा सुरू झाल्या. एक जण फोनवरून आणखी पोरांना बोलवायला लागला, बघता बघता दहा-बारा जण जमले. एकाने वाळूवरचा झेंडा उचलून पायाखाली घातला आणि त्यावर नाचला. दुसऱ्याने उरलेली चळत उचलली, चौकात नेऊ म्हणाला, सगळ्यांसमोर जाळू. मी शिव्या घातल्या, पण शिव्या त्यांनाही येत होत्या. कमलिनी ‘नाही, नाही’ म्हणत सरळ आगीत हात घालायला गेली आणि जळता झेंडा तिने बाहेर ओढला. वितळलेलं पॉलिएस्टर तिच्या तळव्याला चिकटलं. ती किंचाळली.

घोषणा थांबल्या. ज्याने फोन केला होता तो पुढे आला. आता तो हसत नव्हता.

“विझवलात का? कोणाच्या बाजूच्या तुम्ही? नाव काय तुमचं? कुठे राहता?”

हे विचारणं होतं का? त्या पाटी नसलेल्या ऑफिसात निदान चहा तरी दिला होता. पोरांनी आमच्याभोवती कडं केलं. कमलिनीने भाजलेला हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने शर्वाणीला पुढे केलं.

“शर्वाणी, सांग यांना. तुला येतं बोलता. मला नाही येत गं, सांग तू.”

शर्वाणी उभीच राहिली.

“सुटली! शपथ सुटली म्हणते ना मी! सुटली, सुटली. बोल आता!”

शर्वाणीने तोंड उघडलं. ओठ हलले, मी बघत होते, पहिल्या रांगेत बसून तिची आई बघायची तशी. ज्या पोरीने भरल्या हॉलला टाळ्या वाजवायला लावल्या, तिच्या घशातून साधा हुंकार निघेना. पोरं वाट बघून कंटाळली, मुकी आहे म्हणाली, आणि उरलेले झेंडे घेऊन घोषणा देत चौकाकडे निघून गेली. शर्वाणीने खाली बसून आईचा हात मांडीवर घेतला, ओढणीचं टोक पाण्यात भिजवून तळव्यावर धरलं. कमलिनी ‘बोल ना गं, बोल ना’ म्हणत राहिली, आणि शर्वाणी नुसती मान हलवत राहिली.